कामावर झालेली गुडघ्याची दुखापत सात महिने झाले तरी बरी होत नाही. तज्ज्ञापर्यंत पोहोचावे कसे?

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणारे) मशीन चालवतो. वय ३९ वर्षे. २०२३ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात रात्रपाळीत असताना हातात जॉबचा (तयार होत असलेल्या भागांचा) ट्रे घेऊन वळलो, तेव्हा मशीन थंड ठेवणाऱ्या सांडलेल्या कूलंटवरून उजवा पाय घसरला आणि डावा पाय लाकडी पॅलेटच्या फटीत तसाच अडकून राहिला. सगळ्या अंगाचा भार डाव्या गुडघ्यावर पिळल्यासारखा आला. त्या वेळी कळ आली, पण पाळी पूर्ण केली. सकाळी घरी येऊन झोपलो आणि दुपारी उठलो तेव्हा गुडघा चांगलाच सुजला होता.

कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत स्प्रे मारून क्रेप बँडेज बांधून दिले होते. सुपरवायझरांचे म्हणणे पडले की थोडे लचकले आहे, दोन दिवसांत बरे होईल, उगाच कागद वाढवायला नकोत. मलाही ते पटले. दोन दिवस स्वतःची रजा टाकली. नंतर गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि हाडाला काही झालेले नाही असे सांगितले. तेव्हापासून वेदनाशामक गोळ्या, मलम आणि नी-कॅप यांवर दिवस काढत आहे.

आता २०२४ चा जून उजाडला आहे. सूज येते आणि जाते. जिना उतरताना भीती वाटते. खाली बसून उठताना गुडघा मध्येच अडकतो, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि दोन्ही हातांनी हळूहळू हलवल्यावर आत काहीतरी सरकल्यासारखे होऊन तो सुटतो. दर वर्षी मी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पुण्यापर्यंत चालतो. या वर्षी ते जमणार नाही हे मनाला फार लागले आहे.

माझा पगार २०,४०० रुपये आहे आणि त्यातून ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) १५३ रुपये कापले जातात. ईएसआयच्या दवाखान्यात दोनदा गेलो, दोन्ही वेळा गोळ्या मिळाल्या. गुडघ्याच्या तज्ज्ञाकडे जाण्याचा रीतसर मार्ग कोणता, एमआरआय स्वतःच्या खर्चाने करून घ्यावा का, आणि त्या रात्रीच्या अपघाताची नोंद आता इतक्या उशिरा होऊ शकते का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

शेवंती

दादा, आधी एक विनवणी करते. कोणी कितीही सांगितले तरी गुडघा ओढून बसवणाऱ्याकडे जाऊ नका. माझ्या दिरांचा गुडघा असाच अडकत होता. गावाकडे एकाने तेल लावून जोरात झटका दिला, त्यानंतर त्यांना तीन आठवडे पाय टेकवता आला नाही. तो माणूस मनाने वाईट नव्हता, त्याने अनेकांचे खांदे बसवलेले आम्ही पाहिले आहेत. पण आत काय फाटले आहे हे त्याला हाताने कसे कळणार?

कामगारमित्र

मी तीस वर्षे भोसरी-पिंपरी भागात कामगार संघटनेच्या कार्यालयात काम केले आहे. तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण माझ्या मते तो पहिला आहे.

आज २०२४ मध्ये लागू असलेला कामगार राज्य विमा कायदा, म्हणजेच ईएसआय कायदा, १९४८ चा आहे. त्यात साधे आजारपण आणि कामावरची दुखापत यांच्यात मोठा फरक केला आहे. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के भत्ता मिळतो आणि त्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या दुखापतीत भत्ता ९० टक्के असतो, पहिल्या दिवसापासून संरक्षण असते आणि काम करण्याची असमर्थता टिकेल तितके दिवस तो मिळतो. तुमच्या पगारावर ढोबळमानाने हिशेब केला, तर महिन्याला १४,२८० आणि १८,३६० रुपये एवढा हा फरक आहे. उद्या शस्त्रक्रिया करून तीन महिने घरी बसावे लागले, तर हा फरक घरात जाणवेल. पुढे गुडघ्यात कायमचे अधू राहिले, तर वैद्यकीय मंडळाकडून टक्केवारी ठरवून आयुष्यभराचा लाभ मिळतो. तोसुद्धा कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली असेल तरच.

प्रत्येक कारखान्यात अपघात नोंदवही असते, तिला नमुना ११ म्हणतात. नोंद झाल्यावर मालकाने नमुना १२ मध्ये अपघात अहवाल पाठवायचा असतो. तुमच्या बाबतीत हे झालेले नाही. तरीही आज लेखी अर्ज द्या. त्यात तारीख, पाळी, मशीनचा क्रमांक, पाय कुठे अडकला, कोण जवळ होते, प्रथमोपचार कोणी केला आणि दुसऱ्या दिवशी रजा घेतली, हे सगळे लिहा. व्यवस्थापनाने घेण्यास नकार दिला तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि एक प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात देऊन पोच घ्या. चौकशी करण्याचा अधिकार त्या कार्यालयाला आहे. प्रथमोपचार खोलीच्या वहीत त्या रात्रीची ओळ असेलच, ती शोधा. गावातल्या डॉक्टरांचा एक्स-रे आणि त्यावरची तारीख हाही पुरावा आहे.

कायद्याच्या कलम ५१-अ मध्ये एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. काम चालू असताना घडलेला अपघात हा कामामुळेच घडला असे गृहीत धरायचे असते, त्याविरुद्ध पुरावा नसेल तर. म्हणजे रात्रपाळीत मशीनजवळ हे घडले एवढे दाखवण्याची जबाबदारी तुमची. ते कामामुळे घडले हे वेगळे सिद्ध करत बसावे लागत नाही.

फिजिओ_मिरज

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला न तपासता निदान करणे योग्य होणार नाही, तरी तुमच्या वर्णनातील तीन गोष्टी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर जशाच्या तशा जाणे आवश्यक आहे.

पहिली म्हणजे पाय रोवलेला असताना अंग पिळले जाणे. गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. गुडघा वाकलेला आणि पाऊल स्थिर असताना वरचे शरीर फिरले, की ही कूर्चा दोन हाडांच्या जात्यात सापडून फाटू शकते. दुसरी गोष्ट सूज येण्याची वेळ. हाडांना जोडून ठेवणारे मुख्य लिगामेंट, म्हणजे एसीएल तुटते तेव्हा बहुतेक वेळा फट् असा आवाज जाणवतो आणि आत रक्तस्राव होऊन दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगतो. कूर्चेच्या दुखापतीत सूज सावकाश, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी चढते. तुम्ही पाळी पूर्ण करू शकलात आणि सूज दुपारी दिसली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, जरी यावरून शेवटचा निष्कर्ष निघत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुखल्यामुळे पाय सरळ करवत नाही आणि आत काहीतरी आडवे आल्यामुळे पाय सरळ होतच नाही, या दोन वेगळ्या अवस्था आहेत. फाटलेल्या कूर्चेचा पट्टा बादलीच्या कडीसारखा सुटून सांध्याच्या मधोमध सरकला, की गुडघा असा अडकतो. तो वारंवार अडकत असेल तर गोळ्या आणि मलम यांवर महिने घालवू नयेत, कारण प्रत्येक वेळी तो पट्टा आणखी चिरडला जातो आणि जी कूर्चा टाके घालून वाचवता आली असती ती कापून काढावी लागण्याची शक्यता वाढते.

एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. कूर्चा आणि लिगामेंट दिसत नाहीत. म्हणून हाडाला काही नाही हे वाक्य खरे असूनही तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही.

दूरचा_प्रवासी

वरील सल्ले योग्य आहेत, पण मला वेगळे सांगायचे आहे. मी याच मार्गाने गेलो होतो. दवाखान्यातून रुग्णालय, तिथे हाडांच्या बाह्यरुग्ण विभागाचा ठरलेला वार, मग एमआरआयची तारीख, मग अहवाल दाखवायला पुन्हा तोच वार. यात माझे अडीच महिने गेले आणि प्रत्येक फेरीला एक दिवसाचा पगार बुडाला. शेवटी बायकोचे दागिने गहाण ठेवून खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली. पैसे परत मिळाले नाहीत. तरी मला पश्चात्ताप नाही, कारण मी आज चालतो आहे. ज्याला परवडेल त्याने वाट पाहू नये असे माझे मत आहे.

कामगारमित्र

@दूरचा_प्रवासी, तुमचा त्रास मी नाकारत नाही, असे अनुभव मी शेकडो कामगारांकडून ऐकले आहेत. पण दागिने गहाण ठेवावे लागले यालाच परवडणे म्हणायचे का? ईएसआयमध्ये उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. रुग्णालयात सोय नसेल तर करार केलेल्या खासगी रुग्णालयात पाठवले जाते आणि खर्च ईएसआय महामंडळ करते. मात्र स्वतःहून बाहेर जाऊन नियोजित शस्त्रक्रिया केली, तर तो खर्च मिळवणे फार अवघड होते. एमआरआयपुरते बोलायचे, तर पदरचे पैसे असतील आणि तारीख लांबची मिळत असेल तर तो बाहेर करून घेण्यास माझी हरकत नाही. अहवाल आणि फिल्म घेऊन पुन्हा ईएसआयच्याच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. मार्ग सोडू नका.

पगाराबद्दलही एक सूचना. ईएसआयची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे. तुम्ही तिच्या अगदी जवळ आहात. पगारवाढ होऊन तुम्ही मर्यादेपलीकडे गेलात तरी चालू वर्गणी-काळ संपेपर्यंत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च या अर्धवर्षाच्या शेवटापर्यंत, कपात आणि संरक्षण चालू राहते. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक जण स्वतःच कार्ड बाजूला ठेवतात.

नीलमोहर

माझा थोडा मतभेद आहे. दुर्बिणीतून होणाऱ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियांबद्दल मी बरेच वाचले आहे, कारण आईला तसा सल्ला मिळाला होता. फिनलंडमध्ये केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांची फाटलेली कूर्चा प्रत्यक्ष कापली आणि काहींवर नुसती शस्त्रक्रियेची बतावणी केली. वर्षभराने दोन्ही गटांत फरक आढळला नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ज्यांच्या कूर्चा फाटलेल्या दिसल्या त्यांतील ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. एमआरआयमध्ये फाटलेले दिसले की लगेच शस्त्रक्रिया, हे समीकरण मला मान्य नाही. आईने बारा आठवडे नेटाने व्यायाम केले आणि ती आज पर्वतीच्या पायऱ्या चढते.

फिजिओ_मिरज

@नीलमोहर, तुम्ही दिलेली माहिती खरी आहे आणि तुमच्या आईंनी केले ते उत्तमच केले. माझे पोट व्यायाम शिकवण्यावर चालते, त्यामुळे शस्त्रक्रियेची बाजू घेण्यात मला काही लाभ नाही. पण ते दोन्ही अभ्यास कोणाचे होते हे पाहिले पाहिजे. फिनलंडच्या अभ्यासात झिजेमुळे फाटलेल्या कूर्चेचे रुग्ण होते; ज्यांना मोठ्या आघाताने दुखापत झाली होती आणि ज्यांचा गुडघा अडकून बसला होता त्यांना त्यात घेतलेच नव्हते. वयाबरोबर कूर्चा कापडासारखी विरते, तिला ठिगळ लावून फायदा नसतो. धडधाकट कूर्चा एका क्षणात फाटणे आणि तिचा तुकडा सांध्यात आडवा येणे हे वेगळे दुखणे आहे. कूर्चेच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो. म्हणून कडेजवळची फाट टाके घालून जुळू शकते, आतली जुळत नाही. हा निर्णय एमआरआय आणि हाताने केलेली तपासणी या दोन्हींवरून घ्यायचा असतो.

तुमचा मुद्दा एसीएलच्या बाबतीत अधिक लागू पडतो. स्वीडनमध्ये केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुण, खेळत्या रुग्णांना आधी व्यायाम देऊन गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली, तेव्हा दोन वर्षांत निम्म्याहून अधिक जणांना ती लागलीच नाही आणि त्यांचे गुडघे लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत.

नीलमोहर

हा भेद मला ठाऊक नव्हता. आभारी आहे. @इंद्रायणीकाठ, माझ्या आधीच्या प्रतिसादामुळे आपण थांबू नये.

फरशीकाम_कुटुंब

माझे वडील चाळीस वर्षे फरशी बसवण्याचे काम करतात. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांच्या पुढे लिंबाएवढी मऊ गाठ होती. सगळे जण सांधा झिजला म्हणत होते. शेवटी एका सरकारी रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले की हा सांध्याचा आजार नसून वाटी आणि कातडी यांच्यामधल्या पाण्याच्या पिशवीला आलेली सूज आहे, सतत टेकून काम केल्यामुळे ती येते. गुडघ्याखाली जाड गादी घ्यायला सांगितले, काही आठवडे टेकून बसणे बंद केले आणि गाठ ओसरली. वीस वर्षांत कोणीही त्यांना काय काम करता असे विचारले नव्हते. त्या डॉक्टरांनी सर्वप्रथम तेवढेच विचारले.

आम्हाला ईएसआय नाही. बांधकाम कामगारांनी वर्षातील ९० दिवस कामाचा दाखला देऊन राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी, असे मी आग्रहाने सांगतो. ईएसआय नसलेल्या कामगाराला कामावर दुखापत झाली तर काय करावे, हे कामगारमित्र काकांनी सांगावे.

कामगारमित्र

ईएसआय लागू नसेल तिथे आज, २०२४ मध्ये, १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे. दावा कामगार न्यायालयात आयुक्तांपुढे करायचा असतो आणि त्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे आहे. उपचारासाठी प्रत्यक्ष झालेला खर्चही मालकाकडून मिळण्याची तरतूद त्यात आहे, म्हणून औषधांच्या दुकानाची साधी पावतीसुद्धा जपून ठेवा. ठेकेदाराकडे कामाला असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करत असलात तरी ईएसआयची वर्गणी भरली जाते की नाही, याची जबाबदारी अखेर मुख्य मालकावर असते.

स्टुटगार्टची_सून

मी जर्मनीत एका गोदामात काम करते. येथे १८८४ पासून कामावरच्या अपघातांचा वेगळा विमा आहे आणि त्याचा सगळा हप्ता मालक भरतो. मला आवडलेली गोष्ट अशी की कामावर दुखापत होऊन दुसऱ्या दिवशीही काम जमणार नसेल, तर नेहमीच्या डॉक्टरांकडे न जाता अपघातांसाठी नेमलेल्या खास डॉक्टरांकडेच जावे लागते. अपघात कसा झाला हे तेच लिहून घेतात, तेच तपासतात आणि पुढे कोणाकडे पाठवायचे ते तेच ठरवतात. पहिली पायरीच तज्ज्ञाची असल्यामुळे सात महिने गोळ्यांवर जात नाहीत. वर्षानुवर्षे गुडघे टेकून काम करणाऱ्यांची झीज हा व्यवसायजन्य आजार म्हणून येथे मान्य आहे, पण त्यासाठी सबंध आयुष्यात किमान १३,००० तास गुडघ्यांवर भार देऊन काम केल्याचे दाखवावे लागते. फरशीकाम करणाऱ्या काकांचे चाळीस वर्षांचे तास कोणी मोजले असतील का, असे वाचताना मनात आले.

सातारा_आगार

मी एसटीचा चालक आहे. क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखतो, पण अडकत नाही. मला व्यायामानेच आराम पडला. हा धागा वाचून दुखणे आणि अडकणे यांतला फरक कळला. माझ्यासोबतच्या एका वाहकाचा गुडघा मात्र खरोखर अडकतो, त्यांना उद्याच हे वाचायला देतो.

परिचारिका_सोलापूर

मी हाडांच्या बाह्यरुग्ण विभागात बारा वर्षे काम केले आहे. आमच्याकडे एका सकाळी शंभरावर रुग्ण येतात आणि डॉक्टरांना एका रुग्णाला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही. या चार मिनिटांत तुम्ही काय बोलता यावर पुढची दिशा ठरते, हे मी रोज पाहिले आहे.

आपली माणसे आत येतात आणि गुडघा दुखतो असे म्हणतात. केसपेपरवर गुडघेदुखी असे लिहिले जाते. गुडघेदुखीचे औषध गोळी हेच आहे, ते मिळते आणि माणूस घरी जातो. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असतात, ते मागचा शब्द वाचतात आणि तीच गोळी पुढे चालू ठेवतात. त्यात डॉक्टरांचे चुकते असे नाही आणि रुग्णाचेही नाही. पण एकदा कागदावर चढलेला शब्द मग उतरत नाही. या दादांच्या बाबतीत दोनदा असेच झाले असणार, असे मला वाटते.

म्हणून घरून अर्ध्या पानावर लिहून न्या. अमुक तारखेला कामावर पाय अडकून गुडघा पिळला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुजला. सात महिन्यांत तो किती वेळा अडकला, आठवड्यातून दोनदा की रोज. अडकला की किती वेळ सरळ होत नाही. जिना उतरताना पाय दगा देतो का. कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, इंजेक्शन घेतले आहे का. कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि अडकतो हा शब्द तोंडानेही उच्चारा. सैल पायजमा किंवा हाफपँट घालून जा. दोन्ही गुडघे उघडे करून, आडवे झोपवून, वाकवून आणि फिरवून तपासल्याशिवाय अशा दुखापतीचा अंदाज येत नाही, आणि घट्ट पँट असली की ती तपासणीच राहून जाते. टेबलावर चढण्याआधीच नम्रपणे विचारा की डॉक्टर, हात लावून बघाल का. मी कोणत्याही डॉक्टरांना या विनंतीवर रागावलेले पाहिले नाही.

तिथेच विचारा की रुग्णालयात दुर्बिणीची गुडघ्याची शस्त्रक्रिया करणारे कोणी आहे का, आणि नसेल तर कोठे पाठवता. सर्वच अस्थिरोगतज्ज्ञ ती नियमित करत नाहीत, काही जण मणक्याचे किंवा अस्थिभंगाचेच काम करतात.

कामगारमित्र

ताई, मी इतकी वर्षे जे सांगण्याचा प्रयत्न करत आलो ते तुम्ही दवाखान्याच्या बाजूने सांगितले. एक भर घालतो. केसपेपरवर कामावरील दुखापत हे शब्द आणि तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. शाखा कार्यालय पुढे हाच कागद पाहते.

इंद्रायणीकाठ

पाच आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. आपण सर्वांनी सांगितले तसेच केले.

अर्ज दिल्यावर सुरुवातीला टाळाटाळ झाली, पण प्रथमोपचार खोलीच्या वहीत त्या रात्रीची नोंद सापडली: माझे नाव, पहाटे ३ वाजून १० मिनिटे, डावा गुडघा, स्प्रे आणि बँडेज. एवढी एक ओळ. ती दाखवल्यावर व्यवस्थापकांनी स्वतः सुपरवायझरांना बोलावले आणि अपघात अहवाल गेला. सुपरवायझर नंतर माझ्याकडे आले आणि त्या वेळी इतके असेल असे वाटले नव्हते म्हणाले. त्यांनाही तसे खरोखरच वाटले नसावे.

ईएसआय रुग्णालयात सोलापूरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे कागद घेऊन गेलो. डॉक्टरांनी तो पूर्ण वाचला, दोन्ही पाय तपासले, गुडघा वाकवून बाहेर फिरवताना आत कट् असा आवाज झाला तो मलाही ऐकू आला. एमआरआय दोन आठवड्यांत झाला. आतल्या बाजूची कूर्चा बादलीच्या कडीसारखी फाटून मधोमध सरकली आहे, एसीएल शाबूत आहे. मला करारातील एका रुग्णालयात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पाठवले आहे आणि तारीख ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली आहे. शल्यविशारदांनी सांगितले की आत गेल्यावर कूर्चेची अवस्था चांगली दिसली तर टाके घालतील, नाहीतर सुटलेला पट्टा काढतील. दोन्हींसाठी माझी संमती घेतली आहे.

पालखी आळंदीहून निघाली त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभा राहून दर्शन घेतले.

आता दोन प्रश्न आहेत. टाके घातले तर आणि काढले तर, कामावर परतायला किती दिवस धरावेत? आणि तोपर्यंत काही व्यायाम करावा का?

फिजिओ_मिरज

फार बरे वाटले. पट्टा काढला तर बहुतेकांना काही दिवसांतच आधाराने चालता येते आणि उभे राहून करण्याच्या कामावर चार ते सहा आठवड्यांत परतता येते. टाके घातले तर सावकाश जावे लागते: साधारण चार ते सहा आठवडे कुबड्या, त्या काळात गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवायचा नाही, आणि उकिडवे बसणे किंवा जड वजन घेऊन वळणे चार ते सहा महिने टाळायचे. टाक्यांचा काळ लांब असला तरी शक्य असेल तर तोच मार्ग बरा, कारण कूर्चा राहिली तर पुढची झीज लांबते. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच खुर्चीची सोय करून ठेवा.

कामगारमित्र

शस्त्रक्रियेच्या दिवसापासून वैद्यकीय प्रमाणपत्रे खंड न पडू देता घेत राहा. या काळात भत्ता चालू असताना तुम्हाला कामावरून काढता येत नाही, ईएसआय कायद्याचे कलम ७३ तेच सांगते. पूर्ण बरे वाटण्याआधी कामावर हजर होण्याचे अंतिम प्रमाणपत्र घेण्याची घाई करू नका. परतताना हलके, बसून करण्याचे काम मिळावे असे शल्यविशारदांकडूनच लिहून घ्या. तोंडी मागितलेले हलके काम आठ दिवसच टिकते. वर्षभरानंतरही गुडघा अधू राहिला तर वैद्यकीय मंडळाकडे जाण्याविषयी येथे विचारा, मी आहे.

इंद्रायणीकाठ

काका, सगळे लिहून ठेवले आहे. काल रात्रपाळीत आमच्या एका हेल्परच्या मनगटावर ट्रे पडला. तो काही नाही म्हणत होता, पण मी त्याला घेऊन गेलो आणि अपघात नोंदवहीत नोंद होईपर्यंत तिथेच थांबलो. @फिजिओ_मिरज, शस्त्रक्रियेआधीच्या व्यायामाचे तेवढे सांगाल का?

फिजिओ_मिरज

हो, ते राहिले होते. पलंगावर पाठीवर झोपा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळून टॉवेल खाली दाबा. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, मग सोडा. दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. सात महिन्यांत डावी मांडी उजवीपेक्षा बारीक झाली असेल, टेप लावून पाहा आणि आकडा लिहून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल. गुडघा जिथपर्यंत सहज सरळ होतो तिथेच थांबा. तो अडकलेला असेल तेव्हा जोर लावून सरळ करू नका आणि घरातल्या कोणालाही करू देऊ नका. सूज आली तर बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवा.

इंद्रायणीकाठ

आत्ता मोजले. वाटीच्या वर एक वीत अंतरावर उजवी मांडी ४९ सेंटिमीटर, डावी ४६. आजपासून सुरू करतो.